घरगुती वाय-फाय राउटरचा पासवर्ड बदलणे

घरगुती वाय-फाय राउटरचा पासवर्ड बदलणे म्हणजे घरातील बिनतारी जाळ्यात प्रवेश देणारा गुप्त शब्द रद्द करून त्या जागी नवा शब्द ठेवणे होय. पासवर्ड या शब्दाला मराठीत 'संकेतशब्द' व 'परवलीचा शब्द' असे पर्याय आहेत. रात्रीच्या वेळी येणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी पहारेकरी जो ठरलेला शब्द विचारी, तो परवलीचा शब्द. राउटरच्या बाबतीत ही संज्ञा अगदी चपखल बसते. या कामासाठी संगणकाची गरज नसते. राउटरशी जोडलेला कोणताही स्मार्टफोन त्यास पुरतो आणि सर्व साहित्य हाताशी असल्यास पाच-दहा मिनिटांत काम होते.

महत्त्व

घरातील राउटरला इंटरनेटच्या जगात एक सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यास आयपी पत्ता म्हणतात. घरातील फोन, दूरचित्रवाणी संच, लॅपटॉप ही सारी साधने बाहेरून त्या एकाच पत्त्यावरची दिसतात. आता अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात. तरीही कोणत्या क्षणी तो कोणाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. त्यामुळे एखाद्या जाळ्यातून पाठवलेल्या मजकुराचा माग काढला असता तो लिहिणाऱ्यापर्यंत न पोहोचता जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारापर्यंत पोहोचतो. पासवर्डाचे खरे महत्त्व येथे आहे. शेजाऱ्याने थोडा डेटा वापरला, तर होणारे नुकसान त्या मानाने क्षुल्लक असते.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत गंभीर उदाहरण २००८ सालचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले व त्यांत पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना जबाबदारी घेणारा ईमेल आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरगुती जोडणीपर्यंत गेला. पोलिसांनी त्याची चौकशी केली व त्याचे संगणक तपासासाठी ताब्यात घेतले. त्याच्या वाय-फाय जाळ्याचा वापर दुसऱ्यानेच केला होता, असे पुढे तपासात निष्पन्न झाले. २३ ऑगस्ट २००८ रोजीचा असाच एक ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून, तर १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जाळ्यातून गेल्याचे आढळले. तिन्ही ठिकाणच्या जोडणीधारकांचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता.

या घटनांनंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना दिल्या.

दोन वेगवेगळे पासवर्ड

सामान्य वापरकर्त्याचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. राउटरला दोन पासवर्ड असतात. पहिला वाय-फायचा, तो पाहुण्याला सांगितला जातो व फोनवर एकदाच भरावा लागतो. दुसरा व्यवस्थापनाचा, म्हणजे राउटरच्या अंतर्गत पानात शिरून जाळ्याचे नाव, पहिला पासवर्ड आणि इतर सर्व मांडणी बदलण्याचा. घराच्या उपमेने सांगायचे तर पहिला पासवर्ड ही दाराची किल्ली आणि दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार.

पुष्कळ घरांत पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच राहू देतात. कारखान्यातील पासवर्ड त्या नमुन्याच्या सर्व राउटरांना एकच असेल, तर तो इंटरनेटवर कोणालाही सापडतो. २०१६ साली 'मिराय' या घातक आज्ञावलीने जगभरातील राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातील सुमारे साठ नाव-पासवर्ड जोड्यांची यादी चालवून. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमांवर असाच हल्ला झाला आणि मूळचा पासवर्ड बदलून घ्यावा, असे आवाहन निगमला ग्राहकांना करावे लागले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी साधने विकण्यास कायद्याने मनाई आहे. नव्या राउटरांच्या तळाशी प्रत्येक नगाचा वेगळा पासवर्ड छापलेला दिसतो, तो याच विचारातून. मात्र ती चिकटपट्टी ज्याने एकदा पाहिली त्याला तो कायमचा ठाऊक झाला, हेही खरे.

पूर्वतयारी

राउटरचा व्यवस्थापन पासवर्ड हाताशी असावा. तो बहुधा राउटरच्या तळाशी किंवा मागील बाजूच्या चिकटपट्टीवर असतो. तेथे नसल्यास जोडणी करून देणाऱ्याकडून मागून घ्यावा. फोन त्याच राउटरच्या वाय-फायला जोडावा व मोबाइल डेटा तात्पुरता बंद करावा, अन्यथा काही फोन राउटरचे पान घराबाहेरच्या इंटरनेटवर शोधू लागतात. फोनमध्ये व्हीपीएन चालू असल्यास तेही थांबवावे. नवा पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्यावा. पडद्यासमोर बसून सुचलेला शब्द बहुधा दुबळा असतो आणि लवकर विसरतो.

स्मार्टफोनवरून बदलण्याची रीत

यासाठी दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीचे ॲप. जिओफायबरचे ग्राहक 'मायजिओ'तून आणि एअरटेलचे ग्राहक 'एअरटेल थँक्स'मधून वाय-फायचे नाव व पासवर्ड बदलू शकतात. राउटर स्वतः विकत घेतला असेल, तर निर्मात्याचे ॲप वापरता येते; टीपी-लिंकचे 'टेथर' हे त्याचे उदाहरण. ॲपचे पडदे वेळोवेळी बदलतात, त्यामुळे बटणांची नावे पाठ करण्यात अर्थ नाही. मात्र ॲपमधून बहुतेक वेळा केवळ वाय-फायचा पासवर्ड बदलतो. व्यवस्थापनाचा तसाच राहतो.

दुसरा मार्ग ब्राउझरचा असून तो जवळजवळ सर्व राउटरांना लागू पडतो. राउटरचा अंतर्गत पत्ता प्रथम शोधावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील वाय-फाय या भागात, जोडलेल्या जाळ्याच्या तपशिलात तो 'गेटवे' या शीर्षकाखाली दिसतो. आयफोनमध्ये जाळ्याच्या नावापुढील गोलातील खूण दाबली असता 'राउटर' या शब्दापुढे मिळतो. १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.०.१ हे सर्वाधिक आढळणारे पत्ते होत. जिओफायबरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असा असतो. हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी अंकांत व मधल्या टिंबांसह भरावा. देवनागरी अंक भरल्यास किंवा पत्ता शोधयंत्राच्या चौकटीत भरल्यास पान उघडेलच असे नाही. पान उघडताना 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशा आशयाची सूचना येते. राउटरच्या अंतर्गत पानाला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नसते, हे तिचे कारण. पत्ता बरोबर असल्याची खात्री करून पुढे जाण्यास हरकत नाही.

व्यवस्थापनाचे नाव व पासवर्ड देऊन आत गेल्यावर 'वायरलेस', 'डब्ल्यूलॅन' किंवा 'वाय-फाय' असा विभाग शोधावा. त्यातील सुरक्षेच्या भागात सध्याचा पासवर्ड असतो. तो पुसून नवा भरावा व जतन करण्याचे बटण दाबावे. अलीकडचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात आणि दोन्हींचा पासवर्ड पुष्कळदा स्वतंत्र ठेवलेला असतो. एकीकडचा बदलून दुसरीकडचा जुनाच ठेवला, तर केलेले काम वाया गेले. पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे सुरू असेल तर तेही पाहावे. यानंतर 'सिस्टीम', 'मेंटेनन्स' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन' या विभागात जाऊन व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. त्याच भेटीत डब्ल्यूपीएस ही सोय आणि बाहेरून राउटर चालवण्याची परवानगी बंद करणे इष्ट. डब्ल्यूपीएसचा क्रमांक आठ अंकी असला, तरी त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासले जातात व शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी अवघ्या ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले.

बदलानंतर

नवा पासवर्ड जतन होताच फोनची जोडणी तुटते. अनेकांना येथे काही बिघडले असे वाटते व ते राउटर बंद-चालू करू लागतात. वास्तविक बदल यशस्वी झाल्याचेच ते लक्षण आहे. फोनमध्ये जुन्या जाळ्याची नोंद पुसून टाकावी आणि नव्या पासवर्डाने पुन्हा जोडणी करावी. घरातील प्रत्येक साधनाला हा नवा पासवर्ड द्यावा लागतो. फोन व दूरचित्रवाणी संच लगेच आठवतात. देखरेखीचा कॅमेरा, छपाईयंत्र किंवा वाय-फायवर चालणारा पंखा मात्र मागे राहतो. कॅमेऱ्याची नोंद थांबल्याचे तर गरज पडेपर्यंत लक्षातही येत नाही. भिंतीवर क्यूआर संकेत लावला असल्यास तोही नव्याने काढावा. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून असा संकेत फोनवरच तयार होतो आणि पाहुण्याला पासवर्ड तोंडी सांगावा लागत नाही.

पासवर्ड विसरल्यास

व्यवस्थापनाचा पासवर्ड हरवल्यास राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबून धरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याने राउटर कारखान्यातील मूळ स्थितीत जातो. विकत आणलेल्या वेगळ्या राउटराच्या बाबतीत हा उपाय बहुधा निर्धोक असतो. फायबर जोडणीच्या पेटीच्या बाबतीत मात्र तो अविचाराचा ठरू शकतो, कारण पासवर्डाबरोबर कंपनीने भरलेले जोडणीचे नाव व इतर मांडणीही पुसली जाण्याची शक्यता असते. मग इंटरनेट पूर्ण बंद पडते. वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या ठिकाणी, जेथे दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ बाहेरगावाहून यावा लागू शकतो, तेथे टाचणी उचलण्यापूर्वी कंपनीला किंवा स्थानिक जोडणीवाल्याला दूरध्वनी करणे शहाणपणाचे. बहुतेक वेळा पासवर्ड त्यांच्याकडे असतो.

पासवर्डाची निवड

डब्ल्यूपीए-२ या मानकानुसार वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असावा लागतो आणि त्यात रोमन अक्षरे, इंग्रजी अंक व साधी चिन्हे चालतात. देवनागरी अक्षरे त्यात बसत नाहीत.

जोडणी करताना ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची प्रथा सर्रास दिसते. ती सोयीची आहे, पण सुरक्षेच्या दृष्टीने निकामी. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो; म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. हल्लेखोर घराबाहेर उभा राहून राउटर व फोन यांच्यातील जोडणीचे प्रारंभिक संदेश टिपतो आणि पुढचे काम आपल्या संगणकावर निवांत करतो. खेळांसाठी वापरले जाणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख शब्द पडताळून पाहते. चारशे कोटी शक्यता संपवण्यास त्याला काही तास पुरतात. जन्मतारखेची गोष्ट तर बोलायलाच नको. शंभर वर्षांतील सर्व तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास होतात.

लांबी ही विचित्र चिन्हांपेक्षा अधिक उपयोगी असते. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर पासवर्ड लांब होतो व घरच्यांच्या लक्षातही राहतो. खलबत्ता, कंदील, पाऊलवाट, जांभूळ अशी ती मालिका असू शकते. अर्थात येथे छापलेली नको. म्हण, अभंगाची ओळ किंवा देवाचे नाव घेऊ नये, कारण ते इतरांनाही सुचते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची एकच रीत नसल्याने एक अडचण मात्र येते. 'पाऊल'मधील दीर्घ ऊ एका अक्षराने लिहायचा की दोन, 'व'साठी कोणते अक्षर, हे आधी ठरवून कागदावर नोंदवावे. नाहीतर बरोबर पासवर्ड ठाऊक असूनही घरचेच दाराबाहेर राहतात.

जाळ्याचे नावही बदलावे, कारण किल्ली तयार करण्याच्या गणितात ते नाव वापरले जाते आणि सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी तयार कोष्टके उपलब्ध आहेत. मात्र नव्या नावात आडनाव किंवा सदनिकेचा क्रमांक घालू नये.

सुरक्षा मानके

पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी मागील मानक जुने असेल तर उपयोग नाही. मूळचे डब्ल्यूईपी हे मानक २००१ मध्येच गणितीदृष्ट्या फोडले गेले. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. डब्ल्यूपीए-३ मध्ये संदेश टिपून नंतर निवांत शोध घेण्याची वाट बंद केली आहे. राउटरमध्ये ही सोय असल्यास ती निवडावी. जुनी साधने जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ असा मिश्र पर्याय घ्यावा. त्याखालचे काही स्वीकारू नये.

केव्हा बदलावा

दर महिन्याला पासवर्ड बदलावा, हा जुना उपदेश आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे म्हटले; कारण लोक मग शेवटचा अंक तेवढा वाढवतात. ती मार्गदर्शिका संकेतस्थळांवरील खात्यांविषयी असली, तरी घरालाही तोच तर्क लागू पडतो. नवी जोडणी घेतल्यावर लगेच, भाडेकरू घर सोडून गेल्यावर, फोन हरवल्यावर, लग्नकार्यात तो मांडवभर सांगून झाल्यावर, किंवा राउटरच्या यादीत अनोळखी साधन दिसल्यावर बदलणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. ते कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या जाळ्याचा असा वापर झाल्याची शंका आल्यास केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. तक्रारीपूर्वी राउटरमधील जोडलेल्या साधनांची यादी व नोंदवहीचे पान यांची छायाचित्रे फोनवर घेऊन ठेवावीत, कारण अनेक राउटरांत ही नोंद यंत्र बंद होताच पुसली जाते.