सिग्नलयुक्त पादचारी क्रॉसिंग : काही सेकंदांवर अवलंबून असलेली सुरक्षितता

नवी दिल्ली : देशातील रस्ते अपघातांत २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात नमूद आहे. म्हणजे दररोज सरासरी ९० पादचाऱ्यांना प्राण गमवावे लागले. शहरांतील असे मृत्यू रोखण्यासाठी सिग्नलयुक्त क्रॉसिंग हा महत्त्वाचा उपाय मानला जातो. मात्र केवळ दिवे बसवून तो साध्य होत नाही.

पट्टे पुरेसे का नाहीत?

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर वेग कमी करून पादचाऱ्याला वाट देणे, हे चालकाचे कर्तव्य आहे. परंतु अनेक मार्गिकांच्या रस्त्यावर एका मार्गिकेतील वाहन थांबले, तरी शेजारच्या मार्गिकेतील चालकाला त्या वाहनाआडचा पादचारी दिसत नाही. सिग्नल सर्व मार्गिकांतील वाहने एकाच वेळी थांबवतो. दोन चौकांमधील अंतर मोठे असेल, तेथे पादचाऱ्याने बटण दाबल्यावर सुरू होणारा सिग्नल उपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये १९६९ पासून अशी ‘पेलिकन क्रॉसिंग’ वापरात आहेत.

वेळेचे गणित

पादचाऱ्यांसाठीची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. साडेतीन मीटरच्या सहा मार्गिका म्हणजे २१ मीटर रुंदी. ती ओलांडण्यास साडेसतरा सेकंद लागतात. ज्येष्ठ नागरिकाचा किंवा कडेवर मूल असलेल्या महिलेचा वेग ०.९ मीटर असल्यास हाच अवधी २३ सेकंदांच्या पुढे जातो. या साडेपाच-सहा सेकंदांच्या तफावतीत मंद चालणारी व्यक्ती वाहनांसमोर अडकते. दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित, चढ-उतार नसलेली जागा ठेवल्यास रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. दृष्टिहीनांसाठी ध्वनिसंकेतही आवश्यक ठरतो.

प्रतीक्षा फार लांबल्यास लोक लाल दिवा असतानाच रस्त्यावर उतरतात. त्यामुळे ओलांडण्याच्या वेळेइतकाच थांबण्याचा अवधीही विचारात घ्यावा लागतो.

वळणाऱ्या वाहनांचा धोका

पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाच डावीकडे वळणारी वाहने क्रॉसिंगवर येतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांत वाहनांच्या आधी ३ ते ७ सेकंद पादचाऱ्यांना हिरवा दिवा दिला जातो. वळणारी वाहने येईपर्यंत पादचारी क्रॉसिंगवर पुढे गेलेले असतात आणि चालकांना स्पष्ट दिसतात. स्टॉप लाइन क्रॉसिंगपासून काही अंतर मागे असणेही तितकेच गरजेचे आहे.

कायदेशीर जबाबदारी

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० शहरांतील पदपथ आणि पादचारी क्रॉसिंगचे लेखापरीक्षण करण्याचे निर्देश दिले. अशा तपासणीत दिवे चालू आहेत का, एवढेच पाहणे पुरेसे नाही. सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती हिरवा दिवा संपण्यापूर्वी पलीकडे पोहोचते का, हेही मोजावे लागेल.