कार्ब्युरेटर : प्रारंभीच्या मोटारगाड्यांतील सुधारणा

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात जाणाऱ्या हवेत योग्य प्रमाणात इंधन मिसळून देणारी प्रयुक्ती. संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलास सु. १५ भाग हवा लागते. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून नेऊन तीत बाष्प मिसळले जाई. या पद्धतीत हलके घटक आधी उडून जात व जड अवशेष मागे राही. शिवाय हवामान बदलले की मिश्रणही बदले. १८९३ मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोन्का यांनी तोटीतून पेट्रोलाचा फवारा उडविणारे कार्ब्युरेटर पुढे आणले.

खरी अडचण मात्र यानंतरची आहे. एंजिनाचा वेग व त्याबरोबर चोषण वाढले की, पेट्रोलाचा प्रवाह हवेच्या मानाने अधिक वाढतो. त्यामुळे मंद वेगाला जुळविलेली तोटी जलद वेगास फाजील पेट्रोल सोडी. इंधन वाया जाई, शक्ती घटे व काळा धूर निघे. चालकाला हवेची तरफ हाताने वारंवार सरकवावी लागे. आर्थर क्रेब्स यांनी १९०२ मध्ये चोषणानेच उघडणारी जादा हवेची झडप बसवून हे काम यंत्राकडे सोपविले. फ्रांस्वा बाव्हरे यांच्या १९०६ मधील झेनिथ कार्ब्युरेटरातील युक्ती अधिक साधी व म्हणूनच अधिक सरस होती. त्यातील दुसऱ्या तोटीला पेट्रोल वरून उघड्या असलेल्या एका लहान कूपातून मिळे. कूपात ते केवळ गुरुत्वाने उतरत असल्याने चोषण वाढले, तरी त्याचा प्रवाह वाढत नसे. वेगाबरोबर पहिली तोटी मिश्रणातील पेट्रोलाचे प्रमाण वाढवी, तर दुसरी कमी करी. या भरपाईसाठी हलणारा एकही भाग नसल्याने झीज होण्याचा वा झडप अडकण्याचा प्रश्नच उरत नसे.