नगरचे दोन आयरिश

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला म्हटला की चांदबिबी आठवते आणि १९४२ ते १९४५ या काळात तेथे बंदिवासात असलेले नेहरू आठवतात. या यादीत ब्रिटिशाचे नाव सहसा कोणी घालत नाही, आणि त्यात काही गैरही नाही. परंतु ब्रिटनचे राजकारण, तेथील वर्गव्यवस्था आणि विनोद यांचे परस्परनाते समजून घ्यायचे असेल, तर नगरशी संबंध आलेल्या दोन माणसांकडे पाहावे. गंमत अशी की दोघेही धड इंग्रज नव्हते. दोघांची मुळे आयर्लंडात होती.

पहिला आर्थर वेलस्ली. जन्म १७६९, डब्लिनच्या उमराव घराण्यात. १२ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. त्याच्या कर्तबगारीविषयी शंका नाही. पण ती दाखवण्याची संधी कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकारपदे रीतसर विकत मिळत. वेलस्लीही लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पैसे मोजूनच चढला. नगरच्या स्वारीच्या वेळी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता त्याचा सख्खा थोरला भाऊ. आमच्याकडील वतनदारीला नाके मुरडणाऱ्या साहेबांनी पदविक्रीची ही पद्धत १८७१ साली बंद केली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हाच गृहस्थ १८२८ मध्ये पंतप्रधान झाला आणि मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणेला त्याने कडाडून विरोध केला.

दुसरा आयरिश नगरात आला तो जिंकायला नव्हे, जन्माला. टेरेन्स ॲलन मिलिगन, म्हणजेच विनोदकार स्पाइक मिलिगन, १६ एप्रिल १९१८ रोजी येथे जन्मला. वडील ब्रिटिश फौजेतील आयरिश सैनिक. बालपण पुणे आणि रंगून येथील लष्करी वस्त्यांत गेले. छावणीत साध्या गोऱ्या शिपायाचे कुटुंबही साहेबाचे कुटुंब असे, नोकरचाकर बाळगी; तेच कुटुंब विलायतेस परतले की कष्टकरी वस्तीतले एक होऊन जाई. मिलिगन कुटुंब १९३० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या दक्षिण भागात उतरले. साहेबीपणा हा रक्तात नसून पत्त्यात असतो, हे त्या मुलाला कोणा समाजशास्त्रज्ञाने शिकवण्याची गरज उरली नसावी.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात साधा गनर होता. इटलीत जखमी झाला. त्यानंतर १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ गाजला. त्यातील मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानी नोकरीचा टेंभा मिरवणारा अधिकारी भित्रा आणि पैसेखाऊ आहे. ग्रिटपाइप-थिन अतिशय सुसंस्कृत उच्चारांत लोकांना लुबाडतो. वेलस्लीच्या वर्गाने दीडशे वर्षे जपलेला रुबाब येथे खालून, बराकीतून पाहिलेला आहे. या विनोदाचा एक निस्सीम चाहता होता खुद्द युवराज चार्ल्स. ज्याची टिंगल होते, त्यानेच टाळ्या वाजवाव्यात आणि व्यवस्था जागची हलू नये, ही ब्रिटिश राजकारणाची खरी हुशारी.

मात्र मिलिगनच्या हास्याला मर्यादा होत्या. गून शोमधील लालकाका आणि बॅनर्जी ही पात्रे मुख्यतः त्यांच्या उच्चारांसाठी हास्यास्पद आहेत. १९६९ च्या ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तर त्याने तोंडाला रंग फासून पाकिस्तानी-आयरिश कामगार रंगवला. सहा भागांनंतर ती बंद पडली. वर्गाची भिंत ज्याला स्वच्छ दिसली, त्याला वर्णाची भिंत तितकी दिसली नाही.

आणि तरीही ती भिंत त्याच्यावरही थोडी कोसळलीच. १९६० च्या दशकाच्या आरंभी कायदा बदलला, तेव्हा ब्रिटनसाठी लढलेल्या या माणसाचे नागरिकत्व आपोआप राहिले नाही. नव्याने अर्ज आणि राजनिष्ठेची शपथ आवश्यक ठरली. त्याने नकार दिला आणि आयर्लंडचा पासपोर्ट घेतला. परिणामी २००१ साली मिळालेला नाइटहूडचा किताब मानद राहिला. नावामागे ‘सर’ लागले नाही.

डब्लिनमध्ये जन्मलेला उमराव निःसंशय ब्रिटिश, आणि नगरच्या छावणीत जन्मलेला सैनिकाचा मुलगा अर्ज करील तर ब्रिटिश. दोघांतील अंतर देशाचे नव्हे, घराण्याचे आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची कला आपल्याला परकी नाही. म्हणून इंग्रजांना हसताना आवाज जरा बेतानेच चढवलेला बरा.