गोष्ट कुठून सुरू करायची

ड्रेस्डेनमध्ये शिकायला आलेल्या मुलाला पहिले काही महिने इतिहासाकडे बघायला सवड नसते. सकाळी पावाला लोणी फासायचं, पळत ट्राम गाठायची, दुपारी मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, संध्याकाळी लायब्ररी. रविवारी दुकानं बंद, म्हणून आठवड्याचं सामान शनिवारीच भरायचं. मी एल्बे नदीच्या उत्तरेला, नॉयश्टाटमध्ये एका आजींच्या घरी खोली घेऊन राहत होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून या भागातल्या बऱ्याच जुन्या इमारती बचावल्या आहेत.

1945 साली आजी सहा वर्षांच्या होत्या. शनिवारी त्या बटाटे सोलायच्या, मी कांदा चिरायचो आणि गोष्टी निघायच्या. 13 फेब्रुवारीच्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला भोंगे झाले. आईनं त्यांना तळघरात नेलं. रात्रीत ब्रिटिश विमानं दोनदा येऊन गेली, दुसऱ्या दिवशी अमेरिकन आली. नदीपलीकडचं जुनं शहर जळून गेलं. फ्राउएनकिर्श हे घुमटाचं चर्च आगीतही उभं राहिलं आणि 15 तारखेला सकाळी कोसळलं. पुढे आजींची आई ढिगारे उपसणाऱ्या बायकांत कामाला लागली. एका हातात वीट, दुसऱ्यात हातोडी. चिकटलेला चुना ठोकून काढायचा आणि वीट रचून ठेवायची. हे सांगताना आजींच्या हातातली सुरी नकळत उलटी व्हायची आणि मुठीनं बटाट्यावर ठोके पडायचे.

मला ही सांगण्याची तऱ्हा ओळखीची होती. माझी आजी पुण्याची. तिच्या लेखी काळाचे दोनच भाग, पानशेतच्या आधीचा आणि नंतरचा. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि तिच्या माहेरच्या वाड्यात पाणी शिरलं, इथूनच तिची प्रत्येक गोष्ट सुरू होते.

ड्रेस्डेनच्या आजींनी मात्र एकदा मला मध्येच थांबवलं. "तू सगळ्यांना ही गोष्ट त्या रात्रीपासून सांगशील. तशी सांगू नकोस. माझ्या आईनं मला ती 1938 पासून सांगितली होती."

9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री नाझींनी इथलं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं. प्रसिद्ध ऑपेरागृह उभारणाऱ्या गॉटफ्रीड झेम्परनंच तेही बांधलं होतं. छपरावरचा एक तारा आल्फ्रेड नॉयगेबाउअर नावाच्या अग्निशामक जवानानं काढून लपवून ठेवला. 2001 मध्ये त्याच जागी नवं सिनॅगॉग झालं. तो तारा आता तिथल्या दारावर आहे. कॅरोला पुलावरून जाणारी माझी ट्राम रोज या सिनॅगॉगच्या शेजारून जायची. भिंतींचे थर एकेक करत थोडे थोडे पूर्वेकडे वळत गेलेले मला खिडकीतून दिसायचे, पण त्या जागेची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मी ज्या विद्यापीठात शिकत होतो, तिथले प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांना ज्यू म्हणून 1935 मध्ये काढून टाकलं होतं. 13 फेब्रुवारी 1945 ला, शहरात उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा पोचवण्याचं काम त्यांच्यावर आलं. त्याच रात्री बॉम्ब पडले. त्या गोंधळात पत्नी एव्हानं त्यांच्या कोटावरचा, ज्यूंना सक्तीनं लावावा लागणारा तारा चाकूनं काढला, आणि ते दोघं वाचले. आजींच्या आईची ती सर्वांत भयंकर रात्र एका माणसाला जीवदान देऊन गेली होती. आजी दोन्ही गोष्टी एका दमात सांगायच्या. एकीनं दुसरी हलकी होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बॉम्बफेकीत जास्तीत जास्त 25,000 माणसं गेली, असा इतिहासकारांच्या समितीचा 2010 चा निष्कर्ष आहे. तरीही अतिउजवे गट आकडा कित्येक पटींनी फुगवतात आणि गोष्ट मुद्दाम 13 फेब्रुवारीपासून सुरू करतात. त्यांना अडवण्यासाठी दरवर्षी त्या संध्याकाळी हजारो लोक हातात हात घालून साखळी करतात. आजी गुडघे दुखत असतानाही जायच्या, आणि मलाही न्यायच्या.

त्यानंतर मी फोनवर माझ्या आजीला पूर कसा आला हे विचारलं नाही, त्याच्या आधीचं विचारलं. ती म्हणाली, "अरे, धरण पुरतं बांधून झालं नव्हतं. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं." इतक्या वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. घरातली वडीलधारी माणसं बोलती आहेत तोवर हा आधीचा प्रश्न त्यांना विचारून घ्यायला हवा.