शाळामास्तरांच्या चाळीस उड्या

कॅलेंडरवरच्या देवाचा चेहरा भिंगातून अगदी जवळून पहा. डोळे, नाक हरपते आणि छपाईचे ठिपके तेवढे उरतात. रंगविलेल्या चित्रांवरून चित्रपट करणाऱ्यांची अडचण नेमकी हीच. आभाळातून निघालेला कॅमेरा थेट मुंगीच्या पायापर्यंत न्यायचा, तर एवढा तपशील एका कागदावर मावावा कसा?

या अडचणीची तोड एका शाळामास्तरांच्या पुस्तकात सापडते. हॉलंडात बिल्टहोवेन गावी केस बूके यांनी १९२६ साली शाळा काढली होती. १९५७ साली त्यांचे ‘कॉस्मिक व्ह्यू’ हे पुस्तक निघाले. आरंभीच्या चित्रात शाळेसमोर बसलेली एक मुलगी, मांडीवर मांजर. पुढचे चित्र दहापट रुंद मुलखाचे, त्यापुढचे आणखी दहापट. अशा चाळीस उड्यांत ते दूरच्या तारकाविश्वांपर्यंत जातात आणि परत फिरून अणूच्या गाभ्यात शिरतात.

या पुस्तकावरून १९६८ साली कॅनडात ‘कॉस्मिक झूम’ हा लघुपट झाला. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने त्याच साली एक कच्चा लघुपट केला आणि १९७७ साली ‘पॉवर्स ऑफ टेन’ पुरा केला. त्यात दर दहा सेकंदांनी दृश्य दहापट रुंदावते.

युक्ती काय? एक अजस्र चित्र नव्हे, तर चित्रांची माळ. प्रत्येक चित्राच्या मधोमध आधीचे चित्र दहाव्या हिश्शाने बसते. एक विरते, दुसरे उमटते. सांधा जुळला की पाहणाराला पत्ता लागत नाही. चालही सांभाळावी लागते. कॅमेरा सारख्या वेगाने पुढे नेला, तर शेवटी चित्र अंगावर धावून येते. म्हणून दर वेळी उरलेल्या अंतराचा ठराविक हिस्साच कापायचा, म्हणजे जवळ जाता जाता चाल मंदावत न्यायची.

आज हे काम संगणकावर होते, पण हिशेब सुटत नाही. पडदा १९२० ठिपके रुंद असेल, तर दहापट जवळ जायला चित्र १९,२०० ठिपके रुंद हवे. शंभरपट जायला १,९२,०००! तेव्हा पुन्हा माळच गुंफावी लागते.

गुरुजींनो, ही माळ फळ्यावरही गुंफता येते. एक मीटरचा बाक, दहा मीटरचा वर्ग, शंभर मीटरचे आवार, किलोमीटरभर गाव, दहा किलोमीटरची पंचक्रोशी. प्रत्येक चौकोनात आधीचा चौकोन इवलासा काढा. आपला बाक कुठे दिसेनासा झाला, हे मुलांनाच शोधू द्या. जग केवढे मोठे आहे हे त्यांना सांगावे लागणार नाही, आणि त्यात आपली जागा कुठे तेही.