सूर्यकुलाची प्रतिमाने, महाराष्ट्रातील

सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गती स्पष्ट करण्यासाठी कल्पिलेली भूमितीय रचना म्हणजे सूर्यकुलाचे प्रतिमान होय. महाराष्ट्रात या प्रतिमानांचा इतिहास बव्हंशी पंचांगगणिताशी निगडित आहे. कारण ग्रहस्थाने चुकली की ग्रहणे, तिथी व व्रते यांच्या वेळाही चुकतात.

भास्कराचार्यांच्या (१११४–८५) सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात पृथ्वी मध्यभागी स्थिर असून चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू व शनी यांच्या कक्षा त्या क्रमाने मानल्या आहेत. मध्यम ग्रहास मंदफल व शीघ्रफल हे संस्कार दिले की स्पष्ट ग्रह मिळतो. यात बुधाच्या शीघ्रोच्चाचा भगणकाल सु. ८८, तर शुक्राच्या शीघ्रोच्चाचा सु. २२५ दिवस येतो. हेच या ग्रहांचे सूर्याभोवतीचे प्रदक्षिणाकाल होत. म्हणजे सूर्यसापेक्ष गतीचे माप गणितात होते. तिचा भौतिक अर्थ मात्र लावलेला नव्हता.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ग्रहलाघवात (१५२०) ज्याचापांचा उपयोग टाळून व अकरा वर्षांचे चक्र योजून आकडेमोड अतिशय सोपी केली. त्यामुळे तीन शतकांहून अधिक काळ बहुतेक मराठी पंचांगे त्यावरूनच होत असत. परंतु मूळ गतींतील अल्प त्रुटी साचत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात गणित व वेध यांतील अंतर उघड झाले.

याच सुमारास कोपर्निकसचे मत मराठीत आले. सिहोर येथील सुबाजी बापू यांनी सिद्धांतशिरोमणिप्रकाश (१८३६) या पुस्तकात पौराणिक सपाट पृथ्वीचे खंडन करून सूर्यकेंद्रित मत हे सिद्धांतपरंपरेची पुढची पायरी म्हणून मांडले. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) यांनी पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) प्रसिद्ध केली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग निघू लागले. त्यावरून झालेला वाद सूर्य मध्यभागी आहे की पृथ्वी, हा नव्हता. कोणत्याही प्रतिमानात ग्रहस्थान अखेर पृथ्वीवरूनच मोजावे लागते. परंपरागत ग्रंथ आणि प्रत्यक्ष वेध यांत विरोध आल्यास प्रमाण कोणते, हा खरा प्रश्न होता.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी ज्योतिर्गणितात आधुनिक गती स्वीकारून परंपरेची परिभाषा कायम ठेवली. १९११ मध्ये त्यांनी नेपच्यूनपलीकडे सु. ३९ ज्योतिषीय एकक अंतरावर व सु. २४२ वर्षे प्रदक्षिणाकाल असलेला ग्रह असावा, असे भाकीत केले. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे सरासरी अंतर ३९·५ एकक व प्रदक्षिणाकाल २४८ वर्षे आहे. तथापि प्लूटोचे वस्तुमान फारच अल्प असल्याने हे साम्य योगायोगाचे मानले जाते. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली.

विसाव्या शतकात सूर्याचेही केंद्रस्थान गेले; आकाशगंगेच्या केंद्रापासून तो सु. २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. कोल्हापूर येथे जन्मलेले विश्वस्थितिशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी आपल्या मराठी लेखनातून आधुनिक विश्वचित्राचा परिचय सामान्य वाचकांना करून दिला.