गाठीची पुंजी आणि बेकारभत्ता

लँकेशायरमधल्या एखाद्या गल्लीत शेजारी-शेजारी राहणारे दोन विणकर डोळ्यांसमोर आणा. दोघांची गिरणी एक, पगार एक. पहिल्याने वीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन पोस्टाच्या बचत बँकेत १०० पौंड साठवले. दुसऱ्याने मिळाले ते खाल्ले, प्याले, मजेत राहिला. पुढे गिरणी बंद पडली आणि दोघेही एकाच दिवशी बेकार झाले. आता सरकारने मदत कोणाला द्यावी? दोघांना सारखी? की ज्याच्या गाठीला काही नाही त्यालाच? आणि त्यालाच दिली, तर मग काटकसरीने राहणाऱ्याने काय पाप केले?

प्रश्न साधा दिसतो खरा. पण याच प्रश्नाने इंग्लंडमध्ये मोर्चे निघाले आणि शेवटी कायदेही बदलले. त्याचीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

इंग्लंडात गरिबांच्या मदतीचा कायदा एलिझाबेथ राणीच्या काळचा, १६०१ सालचा. १८३४ साली तो फार कडक करण्यात आला. धडधाकट माणसाला मदत पाहिजे असेल तर त्याने 'वर्कहाउस'मध्ये येऊन राहावे, असे धोरण ठरले. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे! मदत मागण्याची माणसाला लाज वाटावी, हाच त्यातला हेतू होता. ही लाज पुढे तीन पिढ्या कामगारांच्या मनात घर करून बसली.

१९११ साली लॉइड जॉर्ज यांच्या राष्ट्रीय विम्याच्या कायद्याने निराळी वाट काढली. जहाजबांधणी, इमारतकाम, यंत्रकाम अशा ठरावीक धंद्यांतल्या सुमारे साडेबावीस लाख कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने तितकेच, आणि सरकारने आपली भर घालायची. काम गेले की आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. १९१३ च्या जानेवारीत पहिले पैसे हाती पडले.

यातली खुबी लक्षात घ्या. हा विमा होता, भीक नव्हे. आयुर्विम्याचे हप्ते भरणाऱ्या माणसाला विमा कंपनी "तुमच्या घरात सोने किती?" असे कधी विचारते का? तसेच हे. वर्गणी भरली, हक्क झाला. बँकेत काय आहे याची चौकशी नाही. १९२० साली हा विमा बहुतेक सर्व धंद्यांना लागू झाला.

पण विमा चालतो तो थोड्यांवर आपत्ती आली तर. १९२१ मध्ये बेकारांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला, आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तर कोळसा, कापड आणि जहाजे या तिन्ही धंद्यांचे कंबरडेच मोडले. वर्गणीचा पैसा आटला, कर्ज वाढले. १९३१ च्या जुलैत मे समितीने १२ कोटी पौंडांची तूट येणार असे भाकीत करून बेकारभत्त्यात मोठी कपात सुचवली. त्या प्रश्नावर ऑगस्टमध्ये मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. मॅकडोनाल्ड यांच्याच नेतृत्वाखाली आलेल्या राष्ट्रीय सरकारने भत्ता शेकडा १० ने घटवला. प्रौढ पुरुषाचे १७ शिलिंग होते, ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले.

याहून मोठा घाव नोव्हेंबरमध्ये बसला. ज्यांचा विम्याचा २६ आठवड्यांचा हक्क संपला, त्यांनी पुढची मदत 'मीन्स टेस्ट' म्हणजे ऐपतीची चौकशी झाल्यावरच घ्यायची! चौकशी कोण करणार? जुन्या गरीब-कायद्याचे वारसदार असलेल्या स्थानिक समित्या. अधिकारी घरी यायचा, कोण किती मिळवतो ते लिहून घ्यायचा, बचतीचे पुस्तक मागायचा. पोरगी गिरणीत जात असेल तर तिचा पगार बापाच्या मदतीतून वजा! बापाने पोरीच्या जिवावर जगायचे, म्हणून कित्येक मुले घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. घर वाचवण्यासाठी घर मोडायचे, असा हा उफराटा न्याय.

आता आपल्या त्या काटकसरी विणकराकडे वळू. १९३४ च्या कायद्यात बचतीचा हिशेब असा होता: पहिले २५ पौंड सोडून द्यायचे, त्यावर ३०० पौंडांपर्यंत दर पूर्ण २५ पौंडांमागे आठवड्याला १ शिलिंग उत्पन्न आहे असे धरायचे. १०० पौंडवाल्याचे म्हणजे आठवड्याला ३ शिलिंग कापले जाणार. वर्षाचे १५६ शिलिंग. आणि पोस्टाच्या बँकेचे खरे व्याज? शेकडा अडीच, म्हणजे वर्षाला फक्त ५० शिलिंग. उरलेले त्याने मुद्दल मोडून खावे, हा त्यातला अर्थ. शेजाऱ्याचे मात्र एक पेनीही कापले जाणार नाही!

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. कर भरणाऱ्यांत गरीब लोकही होते. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला त्यांच्या खिशातून का द्यावे, हा प्रश्न खोटा नव्हता. पण लोकांना जाचली ती रकमेपेक्षा झडती. १९३२ मध्ये बर्कनहेडला दंगल झाली, दहा लाख सह्यांचा अर्ज घेऊन बेकारांचा मोर्चा लंडनवर आला. १९३५ च्या आरंभी नवे दर लागू होताच दक्षिण वेल्समध्ये एवढा उद्रेक झाला की सरकारला ते दर थोपवून धरावे लागले. अखेर १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, साऱ्या कुटुंबाची ऐपत मोजण्याची ती पद्धत रद्द झाली.

१९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिज यांचा अहवाल आला. हे गृहस्थ जन्मले ते बंगालमधल्या रंगपूरला, बरं का! त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वर्गणीच्या बदल्यात मिळणारी मदत हक्काची असावी, तिच्यासाठी ऐपत तपासू नये; म्हणजे तिच्यावर स्वतःच्या बचतीची भर घालायला माणसाला हुरूप येईल. ५ जुलै १९४८ पासून ही व्यवस्था अंमलात आली.

मग प्रश्न मिटला का? छे! हक्काची मदत अपुरी पडली की ऐपतीची मदत मागावी लागे, आणि तिथे बचत पुन्हा आड येई. १९९६ साली हक्काच्या भत्त्याची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणली गेली. आज त्या देशात वर्गणीवर मिळणाऱ्या भत्त्याला बचतीची अट नाही. पण ऐपतीवर मिळणारी मदत १६ हजार पौंडांच्या वर बचत असेल तर सहसा मिळत नाही. ६ हजारांपर्यंत सूट, आणि मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे महिन्याला ४ पौंड ३५ पेन्स उत्पन्न धरतात. वर्षाचा हिशेब करून पाहा. शेकडा वीसच्या वर जातो. असे व्याज कोणती बँक देते? शिवाय मदत मिळावी म्हणून मुद्दाम पैसे उडवले, तर ते अजून जवळच आहेत असे धरले जाते.

आपल्या महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निराळा मार्ग धरला. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात कसोटी ऐपतीची नव्हे, अंगमेहनतीची. उन्हात खडी फोडायला जो तयार आहे त्याची गरज खरी, असे त्यामागचे गृहीत. त्यातही उणिवा आहेतच. म्हाताऱ्याने, आजाऱ्याने काय करावे?

तेव्हा त्या दोन विणकरांचा निवाडा अजून झालेला नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण मुलांना शिकवतो. ते तळे कशासाठी साचवायचे? आपत्तीच्या दिवसांसाठीच ना? मग आपत्ती आल्यावर ते वापरावे हे ठीकच. पण तळ्याचा तळ दिसल्याशिवाय कोणी घोटभर पाणी देणार नाही, असा नियम झाला तर पुढच्या पिढीला साचवायला सांगणार तरी कोण?